सिंधुपाल्चोकची सावड

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे अजूनही थोडाफार मान मिळतो. मात्र तो परदेश अंमळ दूरचा असावा लागतो. लंडनला आठ दिवस राहून आलेले गृहस्थ सोसायटीच्या सभेत सहा महिने त्यावर बोलत असतात. नेपाळला जाऊन आलेल्याला लोक एवढेच विचारतात, "पशुपतिनाथ झाला का?" आणि "हो" म्हटले की, "मुक्तिनाथ?" मुक्तिनाथ झाला नाही, असे सांगितल्यावर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. २०१५ सालच्या दिवाळीच्या सुटीत मी अठरा दिवस नेपाळात होतो. पशुपतिनाथाचे दर्शन मला जाता जाता बसच्या खिडकीतूनही झाले नाही. मी तिथे पडक्या घरांचे दगड उपसायला गेलो होतो. हे ऐकून आमच्या स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारले, "मराठीच्या प्राध्यापकाला तिथे बोलावले कुणी?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्याआधी थोडी हकीकत सांगायला हवी.

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळी घड्याळात अकरा वाजून छप्पन मिनिटे झाली होती. गोरखा जिल्ह्यातील बारपाक गावाजवळ जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ७.८ होती. भूकंप म्हणजे जमिनीत एका जागी फुटलेला सुरुंग अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तो कापड टरकन फाटावे तसा लांबवर फाटत जातो. बारपाकला सुरू झालेली ही फाट पूर्वेकडे शंभराहून अधिक किलोमीटर धावत गेली, आणि म्हणून सगळ्यांत जास्त माणसे गोरख्यात न मरता पूर्वेच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यात मेली. देशभर मेलेल्या सुमारे नऊ हजारांपैकी साडेतीन हजारांहून अधिक त्या एका जिल्ह्यातली. १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला, तोही त्याच बाजूला. पाच लाखांच्या आसपास घरे जमीनदोस्त झाली. त्यातल्या त्यात देवाची एक कृपा म्हणायची, ती वाराची. नेपाळात आठवड्याची सुटी शनिवारी असते. हजारो वर्गखोल्या कोसळल्या त्या रिकाम्या कोसळल्या. खेड्यातली माणसेही दुपारची शेतात होती.

हाच भूकंप रात्री झाला असता तर काय झाले असते, हे महाराष्ट्राला कुणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारी हलली. गणपती बोळवून दमलेली माणसे गाढ झोपेत होती. नेपाळच्या मानाने तो धक्का कितीतरी लहान, तरीही जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. त्या वेळी मी सोलापूरला अकरावीत होतो, आणि कॉलेजच्या मुलांच्या एका ट्रकमधून भाकरी, कांदे आणि घोंगड्या घेऊन तिकडे गेलो होतो. तेव्हा पाहिलेली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, ती म्हणजे भिंत. दोन-अडीच फूट रुंदीची दगडमातीची भिंत, बाहेरून पाहावे तर किल्ल्याच्या तटासारखी भक्कम. पण ती एक भिंत नसतेच. त्या दोन भिंती असतात, आतली आणि बाहेरची, आणि मध्ये कपच्या व माती भरलेली. जमीन हलली की या दोघी जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करतात. एक अंगणात पडते, दुसरी घरात. वर माळवदाची हातभर माती असतेच. त्या दिवसापासून जुना वाडा पाहिला की लोक नक्षी पाहतात, मी भिंतीच्या आरपार गेलेला लांब दगड कुठे दिसतो का ते पाहतो.

म्हणून नेपाळची छायाचित्रे वर्तमानपत्रात पाहिली तेव्हा ती भिंत मी ओळखली. मे महिन्यात जाण्याची सोय नव्हती, आणि ते बरेच झाले. त्या दिवसांत काठमांडूच्या एकुलत्या एक धावपट्टीवर मदतीच्या विमानांची इतकी दाटी झाली की, ३ मे रोजी धावपट्टीला तडे जातात म्हणून मोठ्या विमानांना बंदी करावी लागली. आमच्या सरकारने पहिल्याच दिवशी, काही तासांत, विमाने धाडली, याचा नेपाळी लोक आवर्जून उल्लेख करीत. आमच्या दूरदर्शन वाहिन्यांचे वार्ताहर ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या बाईला "आता तुम्हाला कसे वाटते?" म्हणून विचारीत होते, याचाही करीत. अशा घाईगर्दीच्या वेळी हौशी माणसाने दूर राहावे. खरी मजुरी पुढे असते, जेव्हा वार्ताहर परत गेलेले असतात.

ती मजुरी करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेला मी पत्र लिहिले. वय, वजन, जुनी दुखणी आणि "जड वजन उचलण्याचा पूर्वानुभव" असे त्यांनी विचारले. शेवटच्या रकान्यात मी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचा उल्लेख केला नाही.

*

मुंबईहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीपर्यंत बस, आणि पुढे पायी एका कमानीखालून चालत गेले की परदेश. पासपोर्ट नको, व्हिसा नको. मतदार ओळखपत्र पुरते. कमान ओलांडताच घड्याळ पाव तास पुढे करायचे आणि पंचांग सत्तावन्न वर्षे. पलीकडे विक्रम संवत २०७२ चालू होते. भिंतींवरच्या पाट्या आपल्याच देवनागरीत असतात, त्यामुळे सगळे वाचता येते आणि निम्मे समजते. भाषेच्या माणसाला याहून मोठी चैन नाही.

मात्र त्या नोव्हेंबरात सीमेवर भलताच प्रकार चालू होता. २० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. तराईतल्या मधेशी लोकांना ती अन्यायाची वाटली, त्यांनी नाकी अडवली, आणि हिंदुस्थानातून जाणारे पेट्रोल, स्वयंपाकाचा गॅस, औषधे, सारे थांबले. दिल्लीचे म्हणणे, अडथळा नेपाळच्या हद्दीत आहे, आमचा संबंध नाही. नेपाळात मला भेटलेल्या शंभरातल्या नव्याण्णवांचे म्हणणे, ही दिल्लीचीच नाकेबंदी. रक्सौल-वीरगंजचा मुख्य रस्ता तर बंदच होता. सोनौलीकडून काही वाहने जात, आणि पेट्रोलच्या टंचाईने बसच्या आत जेवढी माणसे तेवढीच टपावर. भूकंपाने घर नेलेले आणि वर हिवाळ्याच्या तोंडावर इंधन नाही, अशा देशात मी हिंदुस्थानी माणूस मदत करायला म्हणून निघालो होतो. नारायणगढच्या पुढे एका चहाच्या टपरीवर मालकाने माझे हिंदी ऐकले, चूल फुंकून चहा उकळला, पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "धुराचा वास आला तर माफ करा, साहेब. गॅस तुमच्याकडेच राहिलाय." पैसे मात्र इतरांकडून घेतले तेवढेच घेतले.

काठमांडूत एकच दिवस होतो. धरहरा मनोऱ्याचा बुंधा तेवढा शिल्लक राहिला होता. हा मनोरा १९३४च्या भूकंपातही पडला होता आणि पुन्हा बांधला होता. (आता तिसरा झाला आहे, २०२१च्या एप्रिलमध्ये त्याचे उद्घाटन झाले.) जुनी माणसे १९३४च्या भूकंपाला "नब्बे सालको भुइँचालो" म्हणतात, म्हणजे संवत १९९० सालचा. वसंतपूर चौकातले काष्ठमंडप, ज्यावरून शहराला काठमांडू नाव पडले असे सांगतात, त्याच्या जागी नुसता चौथरा होता आणि त्यावर कबुतरे. राणीपोखरीच्या मधले देऊळही खचले होते. राजा प्रताप मल्लाने मुलाच्या मृत्यूने खचलेल्या राणीसाठी ते तळे सतराव्या शतकात बांधले. ते देऊळ वर्षातून एकदाच, भाऊबीजेला उघडते. ज्यांना बहीण किंवा भाऊ नाही त्यांच्यासाठी. त्या वर्षी तिथे जाणार कोण आणि कुठून, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

*

बनेपा, धुलिखेल, पाँचखाल करीत बस इंद्रावती नदीला लागते आणि मग तिच्या काठाने मेलम्चीकडे चढू लागते. आमचे गाव मेलम्चीच्या अलीकडे, नदीच्या वर दोन तासांच्या चढणीवर होते. त्याचे नाव सांगत नाही. सांगितले तरी नकाशात सापडायचे नाही. डोंगर उतरंडीसारखा पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, भात पिकून पिवळे झालेले, वरच्या वाफ्यांत नाचणी. मान वर केली की बर्फाची रांग. इतक्या देखण्या ठिकाणी इतकी मोडतोड पाहण्याची डोळ्यांना सवय नसते. सुमारे ऐंशी घरांपैकी उभी होती तीन, आणि त्यांतही कुणी झोपत नव्हते. बाकीचा गाव पत्र्याच्या झोपड्यांत. पत्र्याला नेपाळीत "जस्ता" म्हणतात. जस्ताच्या त्या खोलीत दुपारी भट्टी आणि पहाटे बर्फ.

आमची टोळी चौदा जणांची. एक ऑस्ट्रेलियन सुतार, एक कोरियन परिचारिका, केरळातली एक तरुण बाई, दोन-तीन युरोपियन मुले, आणि काठमांडूच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले दोन नेपाळी विद्यार्थी. खरे शहाणे हे दोघेच. बाकीच्यांना मी "अंगमेहनती परदेशी" या सदरात टाकीन, आणि त्यांत सर्वांत कमी अंग माझे.

काम सांगायला सोपे आहे. अर्धवट पडलेले घर पूर्ण पाडायचे, आणि त्यातले जे जे पुन्हा वापरता येईल ते वेगळे करायचे. प्रथम छपराचे दगडी पाट किंवा पत्रे उतरवायचे. मग वासे आणि तुळया, एकेक खिळा उपटून. खिळा सरळ करून डब्यात. मग भिंत, वरून खाली, थराथराने. एकदम ढकलायची नाही. चांगले दगड एका राशीला, कपच्या दुसऱ्या, माती तिसऱ्या. एक जण शिटी घेऊन डोंगराकडे पाहत उभा, कारण धक्के थांबलेले नव्हते. पहिल्या वर्षभरात चारच्या वरच्या तीव्रतेचे चारशेहून अधिक धक्के बसले. शिटी वाजली की हातातले टाकून मोकळ्या जागी पळायचे. एका घराला सहा-सात दिवस लागत. आम्ही तिथे असेपर्यंत काही बांधले नाही. बांधायचे कसे, किती पैसे मिळणार, कोण देणार, हे ठरविणारे सरकारी प्राधिकरणच त्या वर्षी डिसेंबरात स्थापन झाले, भूकंप एप्रिलमधला. आठ महिने गावोगावचे लोक नियमांची वाट पाहत बसले होते.

ढिगाऱ्यातून काय काढायचे हे घरवाले सांगत. पुरुषांना हवी असे लालपुर्जा, म्हणजे जमिनीचा कागद, आणि नागरिकतेचा दाखला. त्यावाचून मदतीच्या यादीत नाव नाही. बायकांना हवी भांडी. आणि इथे माझ्या मास्तरकीचा काही उपयोग झाला म्हणायचा. "गाग्री" म्हटल्याबरोबर मी घागर शोधू लागलो. "चुलो" म्हणजे चूल, "आँगन" म्हणजे अंगण, "कोदालो" म्हणजे कुदळ, "ढुङ्गा" म्हणजे धोंडा. भूकंपाला त्यांचा शब्द "भुइँचालो". आपली भुई चालू लागली की झाला भूकंप! आपला "भूकंप" शब्द त्यापुढे वर्तमानपत्री वाटतो. एका आमाने, म्हणजे म्हाताऱ्या बाईने, ढिगाऱ्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून "जाँतो, जाँतो" म्हणून घोशा लावला, तेव्हा ऑस्ट्रेलियन सुतार बिचारा माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, "जाते." दोन दिवस खणल्यावर ते निघाले. वरची तळी शाबूत, खालचीला आरपार चीर. आमाने चिरेवरून बोट फिरवले आणि "के गर्ने" म्हणाली. हे दोन शब्द नेपाळात दिवसातून पन्नासदा कानी पडतात. "काय करायचे" हा त्यांचा शब्दशः अर्थ; पण ते म्हणून झाल्यावर माणसे काहीतरी करू लागतात, हे मी पाहिले. आमाने वरची तळी स्वतः उभी करून लोटत लोटत झोपडीपर्यंत नेली. खालची तिला कुणी नवी घडवून देणार होता, मेलम्चीचा.

*

गावात तरुण पुरुष दिसत नाहीत, हे तिसऱ्या दिवशी ध्यानात आले. म्हातारे होते, बायका होत्या, शाळकरी पोरे होती. पंचवीस ते चाळीसमधले बाप्ये कुठे? उत्तर दर झोपडीत एकच: कतार, मलेशिया, सौदी. म्हणजे त्या गावचे बळकट हात दोहाला दुसऱ्यांच्या इमारती उभारीत होते, आणि त्यांच्या घरांचे दगड उचलायला महाराष्ट्रातून मराठीचा अध्यापक आला होता. जगाच्या व्यवहारात इतका उलटा हिशेब मी दुसरा पाहिला नाही. त्यांतले काही भूकंपानंतर धावत आले, क्रियाकर्म उरकले आणि पुन्हा गेले. कारण पैसे तिकडूनच येत होते.

टोळीतल्या एका नेपाळी विद्यार्थ्याने एका रात्री मला स्पष्ट विचारले, "सर, तुमचा येण्याजाण्याचा खर्च किती झाला?" मी सांगितला. त्याने लगेच एक रुपया साठ पैशांनी गुणले. आपल्या एका रुपयाचे त्यांचे एक रुपया साठ पैसे होतात. "बारा हजार," तो म्हणाला. "सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी घरटी पंधरा हजार दिले. म्हणजे तुम्ही न येता पैसे पाठवले असते, तर जवळजवळ एक झोपडी झाली असती." तो चिडून बोलत नव्हता, हिशेब मांडीत होता. मी रात्रभर त्या हिशेबावर विचार केला. त्यात चूक काढता येत नव्हती. परदेशातून तर दहा पट खर्च करून मुले आली होती.

हिशेबात न मावणारी एक गोष्ट मला पुढे दिसली. घराचा जो मालक असतो, त्याच्याने आपल्या घरावर पहिली पहार घालवत नाही. सहा महिने ती अर्धी भिंत तशीच उभी होती, त्याचे कारण केवळ माणूसबळाची टंचाई नव्हे. एका घरातला मनुष्य पांढरी वस्त्रे नेसून रोज आमच्यासमोर ओट्यावर बसून राही. त्याची आई त्या भिंतीखाली गेली होती. तिकडे आईबापांमागे वर्षभर मुलगा पांढरे नेसतो, त्याला बरखी म्हणतात. तो दोन दिवस नुसता पाहत होता. तिसऱ्या दिवशी, जिथे ती सापडली होती तो कोपरा आम्ही मोकळा केला, तेव्हा उठून आला आणि दगड वाहू लागला. संध्याकाळपर्यंत थांबला नाही. त्याचे बारा हजारांत काय होते, मला ठाऊक नाही. विद्यार्थ्यालाही मी ते उत्तर म्हणून सांगितले नाही.

दुसरे उत्तर गावानेच दिले, आणि ते मला फार आवडले. आमचे घर पाडण्याचे काम चालू असता भाताची कापणी आली. चार बायका येऊन म्हणाल्या, उद्या तुमच्यातले सहा जण शेतावर हवेत. आमच्या इंग्रज टोळीप्रमुखाला कळेना की, हे आमच्या कामात बसते की नाही. गावाच्या दृष्टीने त्यात प्रश्नच नव्हता. तिकडे "पर्म" नावाची रीत आहे: मी तुझ्या शेतावर एक दिवस राबलो, की तू माझ्या शेतावर एक दिवस राबायचे. पैसा मध्ये येत नाही. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको, ही आपली सावड. आमचे दगड उपसणे गावाने परक्यांची मदत म्हणून घेतलेच नव्हते. ते पर्म म्हणून मांडले होते, आणि त्याचा हिशेब बायकांच्या तोंडी होता. आम्ही कापणीला गेलो. विळा मला बरा चालवता आला. निदान जर्मन मुलापेक्षा. दुपारी भाताबरोबर वाळवलेल्या आंबूस पाल्याचे गुन्द्रुक मिळाले. ते पहिल्या दिवशी आवडत नाही, चौथ्या दिवशी त्यावाचून भात जात नाही.

जात्याच्या आमाने मात्र हिशेब पुढे नेला. तिने विचारले, "तुझे घर कुठे?" मी सांगितले, फार लांब, रेल्वेने दोन दिवस. "मग आम्ही पर्म फेडायला यायचे कसे?" मी म्हटले, फेडायला नको. यावर ती खरोखरी रागावली. पर्म फेडायला नको, असे म्हणणे म्हणजे तू आमच्या गावचा नव्हेस, असे म्हणणे.

*

दिवाळी त्यांचीही तेव्हाच. ते तिला तिहार म्हणतात. पाच दिवसांतला पहिला कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा. त्या मंगळवारी गावातल्या एकूण एक कुत्र्याच्या कपाळी टिळा आणि गळ्यात झेंडूची माळ होती, आणि अशी सजलेली कुत्री ढिगाऱ्यांवर नेहमीप्रमाणे भांडत होती. तिसऱ्या दिवशी गाय आणि लक्ष्मी. लक्ष्मीने यावे म्हणून अंगणापासून देवघरापर्यंत पावले काढतात; पण देवघर नव्हते, तेव्हा ती पावले पत्र्याच्या झोपडीतल्या तांदळाच्या पिंपापर्यंत काढलेली पाहिली. तेल महागलेले, म्हणून घरटी दोन-चारच पणत्या. समोरच्या डोंगरावर असे दोन-चार दोन-चार ठिपके पार वरपर्यंत गेले होते. फटाके नव्हते. मला वाटते, कोणत्याही मोठ्या आवाजाची पोरांना हौस उरली नव्हती.

ज्यांच्या घरी वर्षातला मृत्यू, त्यांना तिहार नाही. गावात अशी घरे इतकी होती की, सण करणाऱ्यांनाच संकोच वाटत होता. शुक्रवारी, १३ नोव्हेंबरला, भाईटीका. टिळा लावण्याचा मुहूर्त रेडिओवरून सांगतात आणि साऱ्या देशात बहिणी त्याच वेळी भावाला बसवतात. शेजारच्या झोपडीतल्या एका मुलीचा भाऊ मलेशियात होता. तिने त्याला टेलिफोन लावून पाहिला, लागला नाही. मग तिने मला आणि केरळच्या बाईला बोलावले. मला पाटावर बसायला, आणि तिला ताट धरायला. माझ्याभोवती तेलाची धार फिरवली, कपाळावर सात रंगांचा उभा टिळा लावला, न कोमेजणाऱ्या मखमली फुलांची माळ घातली. मग उंबऱ्यावर अक्रोड फोडायचा. भावाची पीडा त्यात फुटते. झोपडीला उंबरा कुठला? तिने बाहेर पळत जाऊन आम्ही रचून ठेवलेल्या राशीतला एक सपाट धोंडा आणला, दाराच्या फटीत ठेवला, आणि त्यावर अक्रोड फोडला. तो तिच्याच घराच्या दाराचा होता. मी ओवाळणी घातली. ती मोजून पाहून तिने निम्मी परत केली.

त्या गावातल्या निवृत्त शाळामास्तरांनी निरोपाच्या दिवशी मला त्यांच्या परीने समजावले. "तुमचा देश आमच्या देशाखाली दरवर्षी दोन सेंटीमीटर घुसतो," ते म्हणाले, "हे मी तीस वर्षे भूगोलात शिकवले. म्हणून हिमालय वाढतो, म्हणून भुइँचालो येतो. तुमचाही इलाज नाही, आमचाही नाही." मग थोडे थांबून मिशीत हसले. "यंदा मात्र तुम्ही वरूनही घुसलात." नाकेबंदी पुढे २०१६च्या फेब्रुवारीत उठली.

*

२०१८च्या मे महिन्यात पुन्हा गेलो, या वेळी नुसता पाहुणा म्हणून. ("पाहुना" त्यांचाही शब्द.) सरकारी अनुदान तीन लाखांचे झाले होते: पन्नास हजार, दीड लाख आणि एक लाख असे तीन हप्ते, आणि प्रत्येक हप्त्याआधी इंजिनिअरची तपासणी. जोत्यापाशी, खिडकीच्या खाली आणि दाराच्या वर असे आडवे पट्टे, काँक्रीटचे किंवा लाकडाचे, सगळ्या घराला कमरपट्ट्यासारखे गुंडाळलेले. भिंतीत जागोजागी आरपार दगड. किल्लारीनंतर आमच्याकडच्या इंजिनिअरांनी जे सांगितले तेच. ही भिंत पाहून मला जो आनंद झाला तो त्या गावातल्या दुसऱ्या कुणाला झाला असेल असे वाटत नाही, कारण तीन लाखांत घर होत नव्हते. उरलेले शेकडा चोवीस व्याजाने काढायचे, नाहीतर घर लहान करायचे. लोकांनी लहान केले. नियमात बसणारी एकच खोली बांधली, हप्ते घेतले, खोलीत धान्य आणि शेळ्या ठेवल्या, आणि स्वतः शेजारच्या जस्ताच्या झोपडीत राहू लागले. वर्तमानपत्रांनी या खोल्यांना हसून घेतले. मला हसू आले नाही. जुन्या घराचे तीन मजले होते: खाली चूल, मध्ये निजणे, वर धान्य. एका खोलीत हे तीन संसार बसत नाहीत. मग जो जिन्नस भिजून चालत नाही त्याला पक्की खोली मिळते.

आपल्याकडे किल्लारीला याच्या उलट झाले होते. बावन्न गावे मुळासकट उचलून दुसरीकडे नेली, रुंद सरळ रस्ते आखले, तयार घरे दिली, ती जमिनीच्या मानाने लहानमोठी. घरे भूकंपाला टिकतील. पण गल्ली हरवली, अशी तक्रार तिथे म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकली आहे. सिंधुपाल्चोकच्या गावात गल्ली जिथल्या तिथे होती आणि घर अर्धे. दोहोंतले बरे कोणते, हे मला कुणी विचारले तर मी गल्लीच्या बाजूने मत देईन, पण पावसाळ्यात विचारू नये.

आमाच्या जात्याला नवी खालची तळी आली होती. ते पक्क्या खोलीत होते.

१५ जून २०२१ रोजी मेलम्ची नदीला पूर आला आणि खालचा बाजार दगडगाळाने भरून गेला. आमचे गाव उंचावर, ते वाचले. पण रस्ता गेला. मी टेलिफोन करून विचारपूस केली. त्यानंतर महिनाभराने, २२ जुलैला, आमच्याकडे चिपळूण बुडाले. माझ्या सासुरवाडीचे घर तिथलेच. पाणी माळ्यापर्यंत चढले होते. मी तिथे गाळ काढीत असता संध्याकाळी नेपाळहून टेलिफोन आला. आमाच्या नातवाने मोबाइलवर चित्रे पाहिली होती. त्याने फोन तिच्या हाती दिला. तिने विचारले, माणसे? मी म्हटले, ठीक. गुरे? गुरे नाहीत. चिखल किती? मी म्हटले, कमरेएवढा होता, आता गुडघ्याएवढा आहे. मग ती पलीकडे कुणाशी तरी बोलत राहिली. सीमा तेव्हा करोनामुळे धड उघडी नव्हती, आणि नातू तिला बहुधा तेच समजावून सांगत असावा. शेवटी ती पुन्हा फोनवर आली आणि म्हणाली, चांगली भांडी आधी बाहेर काढा, आणि कागद सुकवताना उन्हात ठेवू नका, सावलीत ठेवा.